बरोबरची खूण

आबासाहेब खुर्चीवर टेकले नाहीत. पहिलीच्या वर्गातली खुर्ची ती केवढी, गुडघ्याएवढी; आणि बसून भांडता येत नाही, हा त्यांचा मंगळवेढ्यापासूनचा अनुभव. त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला, भार्गवीबाईंच्या टेबलावर उलगडला आणि तळहातानं दाबून सपाट केला.

पालकसभेचा शनिवार होता. मुलगा-सून कामावर, म्हणून नातवाला, ओजसला घेऊन तेच आले होते. कुणी धाडलं नसतं तरी आले असते म्हणा. मंगळवेढ्याचं शेत भावाच्या मुलांवर सोपवून सोलापुरात मुलाच्या फ्लॅटवर येऊन त्यांना सहा महिने झाले होते, आणि एवढ्या दिवसांत त्यांना कुणी काही विचारलं असेल तर ते फक्त या पोरानं. रोज संध्याकाळी तो वर्कशीट घेऊन त्यांना खेटून बसायचा आणि आबांना विचारून रेघा ओढायचा. सोमवारी हा कागद तपासून घरी आला. पेरणीच्या चित्रावर लाल फुली होती. ओजस रडला नाही की रुसला नाही. यापुढं पप्पांना विचारीन, एवढंच म्हणाला. तेव्हापासून तो कागद आबासाहेबांच्या खिशातच होता.

कागदावर एकीकडं तीन ऋतू, दुसरीकडं चित्रं, आणि जोड्या लावायच्या. मुठीनं बी टाकणाऱ्या माणसापासून ओजसची रेघ हिवाळ्याकडं गेली होती. बाईंनी समजुतीनं सांगितलं, की पेरणी पावसाळ्यात असते, उत्तरांच्या कागदावरही तसंच दिलंय. ही वर्कशीटं इंटरनेटवर फुकट मिळतात. चित्रं तिथली, शब्द तेवढे बाईंनी मराठीत घातले होते, आणि तिन्ही तुकड्यांना हीच वाटली होती.

"आमच्याकडं पावसाळ्यात रान मोकळं ठेवत्यात, बाई," आबासाहेब म्हणाले. "पाणी मुरू द्यायचं. पाऊस उघडला की ज्वारी पेरायची, ती थंडीवर येती. पन्नास वर्सं हेच केलंय. माजी चूक आसंल, पन रानाची कशी आसंल?"

बाई काही हट्टी नव्हत्या. पण तीन तुकड्यांचे कागद तपासून झाले होते आणि दाराशी पालकांची रांग लागली होती. मग त्यांनी सगळे शिक्षक करतात तेच केलं, पोराचं कौतुक केलं. "आणि हे बघा की आजोबा, हे तर अख्ख्या वर्गात एकट्या ओजसला आलं."

बाईंचं बोट खालच्या चित्रावर होतं. पांढरा गोलमटोल गडी, डोक्यावर टोपी, गळ्यात मफलर, हातांच्या जागी दोन काटक्या. त्याची रेघ हिवाळ्याला, शेजारी बरोबरची खूण आणि वर एक चांदणी. स्नोमॅन कुणी सांगितला, असं बाईंनी विचारलं तेव्हा ओजस 'आबांनी' म्हणाला, आणि त्याची मान जरा ताठ झाली.

आबासाहेबांनी चित्राकडं पुन्हा पाहिलं. हा कोण, म्हणून विचारलं. थंड देशात बर्फ पडतं, पोरं त्याचा माणूस करून उभा करतात, असं बाईंनी सांगितलं.

"राखण कशाची करतो?"

"कशाचीच नाही. ऊन पडलं की वितळतो."

आबासाहेबांनी विषय तिथंच सोडला असता तर झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती. पोरगा त्यांच्या तोंडाकडं बघत होता, सोमवारनंतर पहिल्यांदाच.

"ओजस, मी तुला हे काय सांगितलं हुतं?"

"बुजगावणं."

"आन् हिवाळ्याला का जोडायला लावलं?"

"हिवाळ्यात कणसं भरतात. मग पाखरं येतात म्हणून."

आबासाहेब बाईंकडं वळले. "बगा. मला जे ठावं हाय त्याला फुली, आन् जे ठावं न्हाय त्याला चांदनी. फुली ऱ्हाऊ द्या तुमची. पन ही चांदनी खोडा. माजी न्हाय ती."

बाईंनी लाल पेन उचललं, टोपण काढलं आणि परत लावलं. उत्तर बरोबर आहे ना आजोबा, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. तोवर मागचे पालक पुढं सरकले. कागद होता तसाच परत आला.

पायऱ्या उतरताना आबासाहेबांना नातवाच्या तोंडाकडं बघवेना. होती नव्हती ती पत त्यांनी आपल्याच तोंडानं घालवली होती. शेवटच्या पायरीवर ओजस थांबला, बसला आणि त्यानं दप्तरातून येत्या सोमवारसाठीचं नवीन वर्कशीट काढलं. पहिल्या चित्रात एक बिनचाकाची गाडी होती आणि तिला कुत्री जुंपली होती.

"आबा, हे काय आहे?"

आबासाहेब शेजारी बसले. कागद जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. आयुष्यभर बैल जुंपलेल्या माणसानं मग मान हलवली.

"ठावं न्हाय, बाळा."

"मलापण नाही," ओजस म्हणाला. त्यांना खेटून बसला आणि बोट पुढच्या चित्रावर नेलं. "आणि हे?"