डावं वळण

भिकाजीनं पुन्हा किक मारली. घाटातल्या डाव्या वळणावर त्याची जुनी मोटारसायकल नेहमीसारखीच फटफट करून बंद पडली होती. मेकॅनिकनं प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. गॅरेजच्या दारात गाडी शहाण्यासारखी चालायची आणि घाटात दगा द्यायची.

कठड्यावर त्याची बायको वत्सला बसली होती. पाय सुजून टम्म झाले होते. गेल्या वेळचं डायलिसिस या गाडीपायीच हुकलं. आज उशीर झाला तर मशीनवर दुसऱ्या कुणाला तरी घेणार होते.

"अहो, चिडू नका. होईल सुरू," ती धापा टाकत म्हणाली. "शनिवारीच नवी लिंबू-मिरची बांधलीये."

त्याचं टाळकं सटकलं. "चुलीत गेली तुझी लिंबू-मिरची!" हँडलला तारेनं करकचून बांधलेलं ते लिंबू त्यानं हिसडा देऊन उपटलं. तारेनं खालच्या वायरचं आवरण कापलं होतं. हँडल डावीकडे वळवलं, की आतलं उघडं तांबं लोखंडाला टेकत होतं.

वत्सला बघतच राहिली. गाडी अडते म्हणून दर शनिवारी ती तार आणखी घट्ट आवळत आली होती.

तिनं पिशवीतली दवाखान्याची चिकटपट्टी पुढे केली. त्यानं वायर गुंडाळली. एका किकमध्ये गाडी सुरू झाली.

पुढचं डावं वळण आलं. इंजिन अडखळलं नाही. त्याच्या पाठीला डोकं टेकून बसलेली वत्सला मात्र हुंदक्यांनी गदगदत होती.