सगळ्यांची मिळून हवा

कारखान्याच्या धुळीचा आकडा विसाच्या आत बसला, तर सुपरवायझरला काचेची केबिन मिळणार होती. नाही बसला, तर घासकामाची खोली बंद. आठवडाभर प्रत्येकाच्या छातीवर धूळ मोजणारी डबी लावली. घासकामाच्या आठ जणांची सरासरी आली नव्वद, पॅकिंगच्या बहात्तर जणांची दहा. सुपरवायझरने दोन्ही गटांची मिळून सरासरी काढली. आठ गुणिले नव्वद सातशेवीस, बहात्तर दाहे तेही सातशेवीस. बेरजेला ऐंशी माणसांनी भागलं. अठरा! हिशेबात नाव ठेवायला जागाच नव्हती.

घासकामावरचा त्याचा मेहुणा खोकत खोकत हसला. "दाजी, ही अठराची हवा नेमकी कुठल्या खोलीत आहे? सांगा तरी, तिथं जाऊन बसतो."

"गप रे! खोली बंद झाली तर खाशील काय, धूळ?"

"मग आत्ता काय खातोय?"

केबिन मिळाली. खोली चालू राहिली. तिथला बंद पंखासुद्धा कुणी बदलला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा डब्या लागल्या आणि दोन्ही गटांचे आकडे होते तेच आले, नव्वद आणि दहा. एकत्र सरासरी मात्र सोळावर उतरली. मोठे साहेब स्वतः येऊन म्हणाले, "वा! हवा सुधारली की! केलंत तरी काय?"

 पॅकिंगचे बहात्तर जण होते तसेच होते. घासकामाचे सहाच उरले होते, आणि छातीच्या दुखण्याने गेलेल्या दोघांत सुपरवायझरचा मेहुणा होता.