शून्याचा दगड

बस दरीत कोसळली. छे, तसलं काही झालंच नाही; ब्रेक निकामी झालेली बस अजून ताशी नव्वदनं घाट उतरत होती.

"मामा, अदलाबदलीचं बटण दाबा की!" कंडक्टर शेवंता ओरडली.

ड्रायव्हर कोंडिबामामांनी अंगठा बटणावर नुसताच टेकवून ठेवला होता. दाबलं की वेगाचं अंतर व्हायचं आणि अंतराचा वेग. अंतर मोजायचं ते परिवहनमंत्र्यांच्या अंगणातल्या शून्याच्या दगडापासून, आणि तो इथून तीनशे किलोमीटर.

"म्हणजे साहेबांपासून नव्वद किलोमीटरवर पोचू गं, पण तीनशेच्या वेगानं!"

"मग दगडच इथं आणायला सांगा. अंतर शून्य झालं की बटण दाबा, वेग शून्य!"

समोर वळण आलं. मामांनी वायरलेस उचलला. "महोदय, शून्याचा दगड तात्काळ आमच्या धावत्या बसखाली बसवावा, ही नम्र विनंती."