मानेवरची रिकामी जागा

सम्राटाचं दगडी डोकं दोराला लटकत खाली आलं आणि पातारा बंदराच्या चौकात एकच हशा पिकला. परवापर्यंत याच डोक्यापुढे धूप जाळणारे आज त्यावर थुंकत होते. रोममध्ये सम्राटाचा खून झाला होता, आणि आता त्याचं नाव घ्यायचीही बंदी होती.

त्रिफेना गर्दीतून पुढे सरकली. नऊ वर्षं ही म्हातारी रोज सकाळी पुतळ्याचे पाय पुसायची.

"गेला गं बाई तुझा लाडका!" मासेवालीनं टोमणा मारला.

त्रिफेनाचं तिकडे लक्षच नव्हतं. शिडीवर तिचा दीर होता, तिच्या नवऱ्यासारखाच दगड घडवणारा.

"लिकोस, धडही फोडणार का रे?" तिनं खालून विचारलं.

"वेडी का काय तू, वहिनी? दादाच्या हातचं काम आहे. एवढा संगमरवर कोण वाया घालवेल? डोकं तेवढं बदलायचं. नव्या मालकाचा चेहरा रोमहून जहाजानं निघालाय. वारा चांगला असला तर येईलच चार दिवसांत."

तिचा जीव भांड्यात पडला.

नवऱ्यानं हे धड घडवलं तेव्हा नमुना म्हणून आपल्याच पोराला, हर्मासला, उभं केलं होतं. पोरगं कुरकुरायचं. अंजीर हातावर ठेवल्याशिवाय जागेवर उभंच राहायचं नाही. त्याच्या गुडघ्यावरचा व्रणसुद्धा बापानं दगडात उतरवला होता. पुढच्याच वर्षी हर्मास गलबतावर गेला आणि गलबत बुडालं. तेव्हापासून त्रिफेनानं समुद्राशी अबोला धरला होता. बंदरात राहून ती त्याच्याकडे पाठ करून बसायची.

चौक रिकामा झाला तशी तिनं मान वर केली. इतकी वर्षं त्या खांद्यांवर परक्याचा फुगलेला चेहरा होता. आज तिथं नुसतं आभाळ होतं, आणि तिथंच तिला हर्मास दिसला. अंजीर मागताना हसायचा, अगदी तसा हसत होता. ती पोटभर रडली.

संध्याकाळी सगळा गाव धक्क्यावर जमला. नवा चेहरा आणणारं जहाज लवकर यावं म्हणून जो तो समुद्राला नवस बोलत होता. त्रिफेना बाजूला जाऊन पाण्याशी वाकली. मूठभर सुकी अंजिरं तिनं लाटेत सोडली आणि इतक्या वर्षांनी समुद्राशी बोलली.

"बुडवू नकोस हं त्या जहाजाला. त्यावरही कुणाची पोरं असतील. नुसतं अडवून धर."