पूर्ण समाधानी

“शाब्बास! आता पुढचा प्रश्न.”

टेपमधून वल्लरीचाच आवाज आला, आणि पडवीत तांदूळ पाखडणाऱ्या मनुबाईचा चेहरा फुलला.

“बघा, पोरगी एकबी चुकत न्हाई. बाई, तुमच्या क्याशेटीनं लय उपकार केलं. लिवा, आमी समाधानी हाय.”

वल्लरीने पाहणीच्या पत्रकात ‘पूर्ण समाधानी’समोर खूण केली. मेढ्यापासून दोन तास चढून तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. आधीच्या सदतीस पालकांनीही हेच सांगितलं होतं. शाळेपर्यंत चालू न शकणाऱ्या मुलांसाठी साताऱ्यातल्या एका संस्थेने हे धडे काढले होते. मुलं घरी बसून कॅसेट ऐकत. एका बंद खोलीत, पंखासुद्धा थांबवून, वल्लरीने ते ध्वनिमुद्रित केले होते. प्रश्न विचारायचा, मनात पाच मोजायचे, मग शाब्बास म्हणायचं. त्याने मुलांना हुरूप येईल, ही कल्पना तिचीच.

“जूनमधी गुर्जी तोंडी परीक्षा घेनार हायती,” मनुबाई म्हणाली. “पास झाली तर चौथीत बसवतो म्हनले. मग मी रोज पाठुंगळी नेते की. वढा काय लय मोठा न्हाई. पर नापास झाली तर पटावरनं नाव काढनार.”

पत्रकात शेवटी ‘मुलाचे निरीक्षण’ असा रकाना होता. तेवढा भरला की उतरायला मोकळी, म्हणून वल्लरी आत जाऊन बसली. मनुबाईची लेक प्रियदर्शनी भिंतीला टेकली होती. पोलिओने वाळलेले पाय गोधडीखाली होते.

“पाणी उकळलं की त्याचं काय होतं?” टेपने विचारलं.

“म्हस,” प्रियदर्शनी हळूच म्हणाली. हसली नाही. टेपकडे बघत राहिली.

“शाब्बास! बर्फ उन्हात ठेवला तर?”

“म्हस.”

“शाब्बास!”

“ऐकलं न्हवं, बाई?” पाखडता पाखडता मनुबाईने बाहेरून विचारलं.

वल्लरी हातातल्या पत्रकांकडे बघत बसली. अडतीस खुणा, एकसारख्या. सदतीस घरांत ती उंबऱ्याच्या आत गेलीच नव्हती. निरीक्षण तिने आईबापांनाच विचारून लिहिलं होतं. तिने हात पुढे करून टेप बंद केला.

“चुकलं,” ती म्हणाली. “दोन्ही चुकली.”

सूप थांबलं. मनुबाई दारात येऊन उभी राहिली.

“आवं, असं काय करता? आत्ता तर तुमीच शाब्बास म्हनला न्हवं का!”

प्रियदर्शनीने बंद टेपकडे बघितलं, मग वल्लरीच्या तोंडाकडे. गोधडी बाजूला सारून ती हातांवर रेटत पार तिच्या गुडघ्यापाशी आली.

“आये,” ती ओरडली, “ह्या बाईस्नी ऐकू येतंया!”