कामणचं भाडं

पप्पांच्या माघारी कामणच्या गोदामाचं भाडं गॉडफ्रेच्या खात्यात जमा होई. वारशात निम्मी वाटेकरीण असलेली त्याची थोरली बहीण जोआना मात्र गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी वर्षभर त्याच्या तोंडाकडे पाहत होती. रविवारी मिस्सा आटोपून तो थेट तिच्याकडे आला.

“बाय, तुझं आयकराचं विवरणपत्र भरलंय. मोबाइलवर ओटीपी आलाय, तेवढा सांग.”

“माझं? मला कुठलं उत्पन्न?”

“गोदामाचं सगळं भाडं तुझ्या नावे दाखवलंय. तीस टक्के वजावट सरकारच देतं, उरलेल्यावर तुला कर बसत नाही. माझ्या नावे दाखवलं तर मी मेलोच!”

“आणि पैसे?”

“ते आहेत ना माझ्याकडे. तुला एकटीला लागतं किती?”

वर्षभर त्याचा एकेक नकार जोआनाने गिळला होता. तिने मोबाइल पदराआड धरला.

“बाय, लवकर! तो बाद होईल.”

“होऊ दे, दुसरा मागवू. आधी भाडेकरूला फोन लाव. यापुढे भाडं कुठल्या खात्यात भरायचं, ते त्याला मालकीण सांगणार आहे.”