शेजारची सीट

नवरा गेल्यावर त्याची स्पोर्ट्स कार विकायचा दिराने चंगच बांधला. पण गिऱ्हाईक आलं की गाडी नुसती घरघरायची, सुरू व्हायची नाही. “वहिनी, व्हिडिओ बघून कुणी मेकॅनिक होतं का? तुम्हीच खोलून वाट लावलीत!” तो करवादायचा. ती नवऱ्याची पान्यांची पेटी उघडून प्लग घासत राहायची. आज त्याने भंगारवालाच आणला. बंपरखाली त्याच्या ट्रकचा हूक अडकताच ती हात पुसत उठली. चष्म्याच्या डबीतून तिने इवलासा फ्यूज काढला. “गिऱ्हाईक येण्याआधी मीच काढून ठेवायचे. याच्याशिवाय इंजिनला पेट्रोलच पोचत नाही.” फ्यूज बसवून किल्ली फिरवताच गाडीने डरकाळी फोडली. “वा वहिनी! आता भाव येईल,” म्हणत दीर शेजारी बसायला आला. तिने तिथे पेटी ठेवली. “भावजी, सीट दोनच. इथे ह्यांची पेटी बसते. तुम्ही भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये बसा.”